पिशवीवरची काकू

चाकूरच्या बसस्टँडसमोर मन्मथ बोळेगावेचं रेडियमचं दुकान आहे. गाड्यांच्या नंबरप्लेटा, ट्रॅक्टरच्या मागचा 'आईचा आशीर्वाद', पोरांच्या मोटारसायकलींवरचे वाघ-सिंह, असलं सगळं तो कापून चिकटवून देतो. आधी तो पेंटर होता. दुकानांच्या पाट्या रंगवायचा, निवडणुका आल्या की भिंती रंगवायचा. मग फ्लेक्स आला आणि त्याचे ब्रश डब्यातच वाळून गेले. पण चित्राचा नाद काही सुटला नाही. जेवताना ताटाच्या कडेला रश्श्यानं बोट फिरवत बसायचा आणि बायकोची बोलणी खायचा.

या नादापायीच मोबाइलवर त्याला पुण्याचा तो चित्रकार सापडला. ऋत्विज नाव. ना कुठल्या पेपरात, ना मासिकात. स्वतःच काढायचा, स्वतःच नेटवर टाकायचा. खडखडवाडी नावाच्या एका दुष्काळी गावाची चित्रकथा होती ती. रिकाम्या घागरींची रांग, टँकरवर चढलेला पुढारी, आणि दर चार चित्रांनी 'नवा जिल्हा झालाच पाहिजे' म्हणत जाणारी मिरवणूक. पहिल्यांदा वाचताना मन्मथ इतका हसला की हातातल्या नंबरप्लेटचा आठ वाकडा कापला गेला. हे तर आपलंच गाव, म्हणाला. चाकुरात तेव्हा टँकर यायचा पंधरवड्यानं आणि उदगीर जिल्हा होणार ही बातमी यायची रोज. चहाच्या गाड्यावर माणसं कोरड्या घशानं भांडत बसायची, चाकूर उदगिरात जाणार की लातुरातच राहणार. कलेक्टर कुठंही बसला तरी आपल्या नळाला सूं सूं वाराच येणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी भांडायचे.

मन्मथनं ऋत्विजला कळवलं की सर, तुमचं चित्र म्हणजे आमच्या गल्लीचा आरसा. आणि काय सांगावं, सरांचं उत्तर आलं. मग काय, मन्मथ जमिनीवर राहिलाच नाही. सर आवाजाचे निरोप पाठवायचे, हा परत पाठवायचा. सर विचारायचे, तुमच्याकडे पाण्याचं आणखी काय काय करतात? हा दुकानात गिऱ्हाइकाला थांबवून सांगत बसायचा. सर त्याला 'आमचे चाकूरचे वार्ताहर' म्हणायचे, आणि मन्मथ ते शब्द बायकोला, शेजारच्या किराणा दुकानातल्या शरणप्पाला, दिसेल त्याला ऐकवायचा. शरणप्पा म्हणायचा, लेका पगार बिगार देतेत का न्हाई? मन्मथला असल्या बोलण्याचा राग यायचा. भक्त होता तो. भक्ताला हिशोब कसला.

त्याच भक्तीच्या भरात एकदा त्यानं काकूची गोष्ट सांगितली.

काकू म्हणजे पंचफुलाबाई, मन्मथच्या चुलत्याची बायको. मन्मथची आई तो रांगत असतानाच गेली आणि काकूनं त्याला आपल्या पदरात घेतलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. नवराही लवकर गेला. पण बाई अशी ताठ, की गल्लीतल्या बायका तिच्या ओट्यावर बसायच्या आधी पदरानं पाय पुसून घ्यायच्या. स्वच्छतेच्या बाबतीत तिच्यासारखी खवट बाई चाकुरात दुसरी नसेल. तिचा एकच नेम होता. सकाळी अंघोळ, मग गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा, त्यावरचं तीर्थ, आणि त्यानंतरच तोंडात घास. अंघोळ नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर अन्न नाही. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात तर ती टँकर येईपर्यंत दोन दोन दिवस नुसती बसून राहायची, आणि विचारलं तर म्हणायची, भूकच न्हाई.

त्याच उन्हाळ्यात टँकरच्या धक्काबुक्कीत ती पडली आणि तिचा खांदा निखळला. हाडवैद्यानं बसवला, पण हात काही डोक्यापर्यंत जाईना. मन्मथची बायको शिवगंगा तेव्हा बाळंतपणाला माहेरी, निलंग्याला. घरात दुसरं बाईमाणूस नाही. तेव्हा काकूच म्हणाली, मन्मथा, तूच घाल रे पानी. लेकरू तू माझं, तुझी कसली लाज.

मग घरात अशी रीत पडली. बाजेवर काकू लुगड्यानिशी पाठमोरी बसायची. बाजेखाली मोठी परात. मन्मथ मागं उभा राहून तांब्यानं बेताबेतानं पाणी सोडायचा, खांद्यावर, मानेवर, पाठीवर. नवारीतून झिरपलेलं पाणी परातीत जमायचं. त्या पाण्यात धुणं, धुण्याचं पाणी लिंबाच्या आळ्याला. लिंग धुवायचं पाणी मात्र वेगळं. टँकरचं पहिलं पाणी सोवळ्याच्या फडक्यातून गाळून तांब्याच्या गडूत भरलेलं असायचं, वर झाकण, आणि त्या गडूला काकूखेरीज कुणी हात लावायचा नाही. शिवगंगा माहेराहून परत आली तरी पाणी घालायचं काम मन्मथकडंच राहिलं. काकूचं म्हणणं, हिचा हात उधळा हाय, भदाभदा वतती. मन्मथचा हात बेताचा. त्या कामाचा मन्मथला अभिमान होता. एवढी ताठ बाई, कुणापुढं मान न वाकवणारी, त्याच्यापुढं रोज मान खाली घालून बसायची.

हे सगळं त्यानं सरांना एका दमात सांगून टाकलं. आमची काकू बाजेवर बसून अंघोळ करती सर, खाली परात ठिवती, पानी धरून ठिवती, मग लिंग धुती आन ते पानी पिती, मगच जेवती. थेंब वाया जाऊ देत न्हाई. आता, कोणतं पाणी धरलं आणि कोणतं प्यायलं, हे चाकुरात कुणाला सांगावं लागत नाही. शेळी राखणाऱ्या पोरालाही कळतं. मन्मथला ते वेगळं सांगायचं सुचलंच नाही. सर म्हणाले, कमाल आहे हो तुमच्या काकूंची. मन्मथची छाती फुगली.

पुढं तीनेक वर्षांत पुन्हा तोच उन्हाळा आला. पुन्हा टँकर, पुन्हा उदगीर जिल्ह्याचं भांडण. ऋत्विजची खडखडवाडी तोवर चांगलीच गाजली होती. पुण्या-मुंबईची पोरं तिच्यावर फिदा होती. एक दिवस सरांचा निरोप आला, तुमच्यासाठी एक खोकं पाठवतोय, आमच्या खास चाहत्यांना पाठवतो तसं. आणि तुम्हाला एक धक्का आहे बरं का त्यात. मन्मथनं तेव्हापासून पोस्टमनची वाट पाहायला सुरुवात केली. सायकल दिसली की उठून उभा राहायचा. शरणप्पा हसायचा, नवरीची वाट बघून राहिला का रे.

खोकं आलं तेव्हा दुपारची वेळ होती, दुकानात कुणी नव्हतं. मन्मथनं हात पुसले, रेडियम कापायच्या पात्यानं चिकटपट्टी अलगद कापली. वर रंगीत कागदाच्या कात्रणांचा भुगा होता, त्यात अत्तराचा भपका. त्याखाली एक कप, पत्र्याचे बिल्ले, स्टिकरांचा ताव, किल्ल्यांना लावायची साखळी, आणि घडी घातलेली जाड कापडाची पिशवी. सगळ्यावर एकच चित्र, नेटवरच्या कथेत मन्मथनं कधी न पाहिलेलं.

बाजेवर एक म्हातारी. पाठ सगळी उघडी, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. केस पिंजारलेले, नाक पोपटाच्या चोचीसारखं. गळ्यात दोऱ्याला लोंबणारं लिंग. आणि दोन्ही हातांनी परात उचलून ती अंघोळीचं गढूळ पाणी घटाघटा पीत होती. हनुवटीवरून ओघळ. परातीत एक केस तरंगत होता, तोसुद्धा त्यानं मन लावून काढला होता. खाली लिहिलं होतं, 'एक थेंब वाया नाही!'

मन्मथच्या तोंडात आंबट पाणी सुटलं आणि तो दुकानाच्या मागं जाऊन ओकला. परत आला, तर कप तिथंच होता. कप तर त्याला सगळ्यात घाण वाटला. पुण्यात कुणी तरी सकाळी उठून या कपातून चहा पीत असेल. ओठ नेमके काकूच्या उघड्या पाठीवर टेकवून. हसत असेल, मैत्रिणीला दाखवत असेल. साखळी कुणाच्या तरी खिशात किल्ल्यांना घासत असेल. मन्मथनं आयुष्यभर चित्रं काढली, पण चित्राची किळस येऊ शकते हे त्याला त्या दिवशी कळलं. आणि त्यातली खरी घाण ही, की चित्र चांगलं होतं. रेषेत जोर होता. नवारीची वीण, परातीचा काठ, पाण्याचा ओघळ, काही चुकलेलं नव्हतं. चुकलं होतं ते फक्त पाणी.

खोक्यात एक चिठ्ठी होती. काकूंच्या हातात कप देऊन एक फोटो काढून पाठवा, आमच्या पानावर लावू, लोक वेडे होतील.

मन्मथनं फोन लावला. सर म्हणत म्हणत त्यानं समजावून सांगितलं, की ते पाणी वेगळं असतं, तीर्थ असतं, परातीतलं पाणी तर आमच्याकडं कुत्रंसुद्धा पीत न्हाई. आणि काकूची पाठ कधी उघडी नसते, लुगडं असतं अंगावर. तिकडं ऋत्विज गोड आवाजात हसला. म्हणाला, अहो मन्मथराव, ते प्रतीक आहे. दुष्काळ माणसाला कुठं नेऊन ठेवतो, ते दाखवायचं असतं. तीर्थाचं कुणाला काय कळणार? आणि तुम्हाला माहितीये का, आमच्या सगळ्या पात्रांत म्हातारीच जास्त खपते. मुली तर तिच्यावर जीव टाकतात. मन्मथ म्हणाला, बंद करा ते. ऋत्विज म्हणाला, बघतो. 'बघतो' म्हणजे काय, हे सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेल्या माणसाला कळतं. मन्मथनं फोन ठेवला. ज्याला एवढी वर्षं सर सर म्हटलं, त्याचा आवाज कानात चिकटून राहिला होता, आणि तो कान धुवावासा वाटत होता.

आता एकच गोष्ट जपायची होती. काकूला हे कळता कामा नये. दुसऱ्या कुणाला कळलं तर चार दिवस हसतील, विसरतील. पण काकू? जिनं पूजेवाचून घास घेतला नाही, ती अंघोळीचं पाणी पिते असं सगळ्या महाराष्ट्रभर छापलंय, हे तिला कळलं तर? आणि हे कुणी सांगितलं, हे तिला विचारावं लागणार नव्हतं. बाजेमागं तांब्या घेऊन उभा राहणारा एकच माणूस होता.

बिल्ले आणि साखळी त्यानं मागच्या नालीत टाकले. कप फोडला, तुकडे चिखलात दाबले. स्टिकर पात्यानं बारीक चिरले. पिशवी जाळायला घेतली, तर कापड कसलं होतं कोण जाणे, जळता जळेना, नुसता धूर. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मन्मथनं पिशवी उलटी केली, चित्र आत घातलं, गुंडाळली आणि आपल्या स्कूटरच्या डिकीत कोंबली. घरी नेऊन चुलीत घालू म्हणाला. घरी गेला, तर टँकर आलेला. गल्लीत ओरडा, पाइपासाठी ओढाओढ. तो घागरी घेऊन धावला आणि पिशवी डिकीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सोमवारी काकू मठात जायची. सकाळी मन्मथनं नेहमीसारखं तिला पाणी घातलं. ती पाठमोरी बसली होती, मान खाली. मानेवरचे पांढरे केस ओले होऊन चिकटले. मन्मथला तिच्या पाठीकडं बघवेना. त्यानं तोंड फिरवलं, तर पाणी बाजेबाहेर सांडलं. काकू म्हणाली, ध्यान कुठं हाय रे आज? मग तो चालतच दुकानावर गेला, कारण गाडीत पेट्रोल नव्हतं.

दहाच्या सुमाराला शरणप्पा दुकानात आला. हातात सुपारी, चेहऱ्यावर हसू दाबलेलं. म्हणाला, तुझी काकू मठाकडं चालली बघ, खांद्याला पिशवी लावून. त्या पिशवीवरचं चित्र कुणी काढलंय रे? लई बेकार हाय. मन्मथ पातं टाकून उठला. शिवगंगानं डिकीत किराणा मालाची पिशवी शोधताना ती काढली होती, उलटीची सुलटी केली होती, आणि कापड चांगलं दणकट बघून काकूला बेल-विभूती ठेवायला दिली होती. चित्र तिनं पाहिलं, पण त्या चोचीच्या म्हातारीत आपली सासू आहे हे तिला कसं कळावं? कुठल्या तरी कंपनीची जाहिरात असेल, असं तिला वाटलं. बिचारीचा त्यात काही दोष नव्हता.

मन्मथ पळतच मठात गेला. आरती झाली होती, बायका मंडपात प्रसादासाठी बसल्या होत्या. मधोमध काकू. पिशवी तिच्या मांडीवर, चित्र वर. बाजूच्या बायका वाकून वाकून बघत होत्या. एकीनं नाकाला पदर लावला होता. दुसरी म्हणाली, शी, गळ्यात लिंग हाय आन हे पिऊन राहिली. कुनाचं काय, तर कुनाचं काय, पन असलं तं कुनी केलं न्हाई बाई.

आणि काकू त्यांना समजावून सांगत होती. तिला कीव आली होती त्या म्हातारीची. बोट चित्रावर ठेवून ती म्हणत होती, "हिला कुनी नसंल गं. पोटची मेली असतील, न्हाई तं सोडून गेली असतील. ज्याला कुनी हाय त्ये असलं पानी कशाला पितंय? मला बघा की. रेल्वेनं पानी आलं त्या साली घरात बाईमानूस न्हाई, हात मोडलेला. पन त्या दिसापासून माझ्या मन्मथनं एक दिस माझी पूजा चुकू देली न्हाई. सायकलीवर लांबून घागर आनायचा. ह्या बाईचा माझ्या मन्मथसारका येक असता, तं ही वेळ आली नसती."

बायकांनी मन्मथकडं पाहिलं, कौतुकानं. एकजण सरकून त्याला जागा देऊ लागली. मन्मथला वाटलं, आता काही बोलू नये. पिशवी घ्यावी, घरी न्यावी, जाळावी, संपलं. काकूला काही कळलं नाही, कळणारही नाही. ती अशीच त्याचं कौतुक करत राहील, सोमवारी मठात, एरवी ओट्यावर, मरेपर्यंत. आणि तो रोज सकाळी तिच्या मागं तांब्या घेऊन उभा राहील. ते कौतुक त्याला त्या कपाइतकंच घाण वाटलं.

तो म्हणाला, "काकू, घरी चल." वाटेत पिशवी त्यानं तिच्या खांद्यावरून काढून घेतली, छातीशी उलटी धरली. काकू प्रसादाचा द्रोण सांभाळत त्याच्या मागून चालत होती. ओट्याशी आल्यावर तो थांबला. शिवगंगा दारातच गव्हातले खडे निवडत बसली होती. तिच्यादेखतच तो बोलला. ती म्हातारी तू हायस, म्हणाला. पुण्याच्या एका माणसाला मी तुझी गोष्ट सांगितली, बाजेची, परातीची, लिंगाच्या पाण्याची. त्याला समजलं न्हाई. त्यानं असं काढलं. आता ते सगळीकडं विकतेत.

काकूनं पिशवी मागितली. त्यानं दिली. तिनं ती सुलटी करून दोन्ही हातांनी ताणून धरली आणि बराच वेळ पाहत राहिली. आधी तोंड, मग परात, मग गळ्यातलं लिंग. मग तिची नजर त्या उघड्या पाठीवर गेली आणि तिथंच राहिली. एका हातानं तिनं आपला पदर ओढून पाठीवरून पुढं घेतला, घट्ट आवळला. ऊन मी म्हणत होतं, तरी तिच्या अंगावर काटा आला होता, हे मन्मथला दिसलं.

तो म्हणाला, मी असं सांगितलं नव्हतं काकू, पाठीचं तर काहीच सांगितलं नव्हतं. खरंच होतं ते. पण बोलता बोलता त्याच्या लक्षात आलं, की खरं असून त्याचा काही उपयोग नाही.

काकूनं शिव्या दिल्या असत्या तर मन्मथला बरं वाटलं असतं. तिनं पिशवीची नीट घडी घातली, चित्र आत ठेवून, आणि ती शिवगंगाच्या हातात दिली. म्हणाली, चुलीत घाल, न जळंल तं पुरून टाक. मग ओट्याची पायरी चढली. आत जाता जाता मन्मथकडं न बघता म्हणाली,

"उद्यापासून पानी शिवगंगा घालील. सांडलं तं सांडू दे."